पेनांगचा आसाम लाक्सा: आधी वेळ ठरवा, मग जागा

मलेशियातल्या पेनांग बेटावर आसाम लाक्सा, म्हणजे माशाच्या आंबट रश्शातल्या तांदळाच्या शेवया, खायला जाऊन निराश होऊन आलेल्या मंडळींची कहाणी बहुतेक एकसारखी असते. फोनमध्ये पाच प्रसिद्ध ठिकाणांची यादी. दोन बंद, एकाचा रस्सा संपलेला, चौथ्या ठिकाणी लाक्सा म्हणून नारळाच्या दुधातली पिवळी करी पुढ्यात आली, आणि पाचव्या ठिकाणापर्यंत जायचं त्राण उरलं नाही. मग घरी येऊन निकाल: 'एवढं काही खास नाही हो!'

मी पेनांगच्या बायान लेपास भागात दोन वर्षं राहिले आणि पहिल्या महिन्यात हेच सगळं केलं. घोटाळा क्रमाचा आहे. लोक आधी जागा ठरवतात, मग जमेल तेव्हा तिथे जातात. पेनांगमध्ये पदार्थाचं नाव, मग वार, मग वेळ, आणि सगळ्यात शेवटी जागा, असं ठरवावं लागतं. खालचे टप्पे त्याच क्रमाने आहेत. मधला गाळू नका.

१. कोणता लाक्सा, ते आधी पक्कं करा

मलेशियात नुसतं 'लाक्सा द्या' म्हणणं म्हणजे आपल्याकडे खानावळीत 'रस्सा द्या' म्हणण्यासारखं आहे. क्वालालंपूरला नुसतं लाक्सा म्हटलंत तर बऱ्याचदा नारळाच्या दुधातला, करीच्या मसाल्याचा लाक्सा येतो. सारावाकचा लाक्सा तिसराच. पेनांगमध्ये नुसतं लाक्सा म्हटलं की आसाम लाक्सा समजतात, पण काही दुकानांत त्याच्या शेजारी लाक्सा लमाकही असतो. त्यालाच सयामी लाक्सा म्हणतात आणि त्यात नारळाचं दूध असतं. करीसारखा दिसणारा आणखी एक वाडगा मिळतो, तो 'करी मी'. त्यात डुकराच्या रक्ताचे गोठवलेले चौकोनी तुकडे असू शकतात. काळपट लाल टोफू समजून लोक ते खाऊन मोकळे होतात.

म्हणून तोंडात एकच जोडी बसवा: आसाम लाक्सा. 'आसाम' म्हणजे आंबट किंवा चिंच. आपल्या आसाम राज्याशी आणि तिथल्या चहाशी याचा काही संबंध नाही.

वाडग्यात काय असतं ते माहीत असलं की फसवणूक होत नाही. मुख्य मासा ईकान कंबुंग, म्हणजे आपला बांगडाच. तो उकडून, काटे काढून, कुस्करून रश्शात मिसळतात. आंबटपणा चिंचेचा आणि 'आसाम कपिंग'चा. या कपिंगच्या वाळवलेल्या चकत्या ज्या फळाच्या असतात ते कोकमाच्याच वंशातलं. बांगडा, त्याला कोकमाच्या नात्यातला आंबटपणा आणि वर मिरची, हे वाचून मालवण-वेंगुर्ल्याच्या माणसाला ओळख पटायला हवी. फरक वासात आहे. आपल्याकडे तिरफळ, तर तिथे बुंगा कांतान, म्हणजे आल्याच्या कुळातल्या एका झाडाची गुलाबी कळी, आणि दाउन केसुम नावाचा तिखटसर वासाचा पाला. शेवया तांदळाच्या, पांढऱ्या आणि गोल, आपल्या शिरवाळ्यांपेक्षा बऱ्याच जाड. वरून काकडी, कांदा, अननस, पुदिना, लाल मिरची.

खात्री करून घ्या: वाडग्यात अननस आणि पुदिना आहे, रस्सा तपकिरी-राखाडी आणि गढूळ आहे, वर तेलाचा लाल तवंग नाही. मग तो आसाम लाक्सा. रस्सा नारिंगी आणि दुधाळ दिसला तर दुसरंच काही आलंय.

शाकाहारी असाल तर पुढे जाण्याआधी

साध्या गाड्यावरचा आसाम लाक्सा शाकाहारी करून मिळत नाही. 'मासा नको' म्हटलंत तर वरचे तुकडे काढतील, पण रस्सा माशाचाच राहील. त्यात बलाचान, म्हणजे वाळवून कुटलेल्या जवळ्याचा गोळा, आधीच शिजलेला असतो. 'नो मीट' म्हटल्यावर मासा आणि कोळंबी त्यात धरली जात नाही, हेही लक्षात ठेवा.

यावर उपाय आहे. जॉर्जटाउनमध्ये, म्हणजे पेनांगच्या मुख्य शहरात, चिनी शाकाहारी खाणावळी बऱ्याच आहेत आणि त्यातल्या काही ठिकाणी मासा न घालता आसाम लाक्सा करतात. बौद्ध पद्धतीच्या खाणावळीत कांदा-लसूणही नसतो, त्यामुळे घरातल्या जैन मंडळींचीही बरीच सोय होते. कंदमुळांचं मात्र विचारून घ्या. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात नऊ दिवसांचा शाकाहाराचा उत्सव असतो. त्या दिवसांत पिवळे झेंडे लावलेले शाकाहारी गाडे जागोजागी उभे राहतात. सहल तेव्हा जमली तर सोन्याहून पिवळं.

डुकराचं मांस टाळत असाल तर आसाम लाक्सात ते नसतं. पण चिनी कॉफीच्या दुकानात शेजारच्या गाड्यावर असतं. हलालच हवं असेल तर मलाय गाडा शोधा. त्याबद्दल तिसऱ्या टप्प्यात लिहिलंय. कोळंबी किंवा शिंपल्यांची ॲलर्जी असलेल्यांनी मात्र हा पदार्थ सोडूनच द्यावा. कोळंबी इथे फक्त वरून घातलेली नसते, रश्शात विरघळलेली असते.

२. वार आणि वेळ

हा टप्पा सगळ्यात जास्त चुकतो म्हणून इथे जरा रेंगाळते.

लाक्सा हे पेनांगमध्ये दुपारचं खाणं. नाश्ता आणि रात्रीचं जेवण यांच्या मधलं. सकाळी मासळी येते, उकडते, काटे निघतात, रस्सा उकळतो, आणि अकराच्या आसपास गाडे चालू होतात. चार-पाचला चांगल्या ठिकाणी पातेल्याचा तळ दिसायला लागतो. तेव्हा विक्रेती मान हलवून 'हाबिस' म्हणते. म्हणजे संपलं. हा शब्द पाठ करा. कानावर पडला की वाद न घालता पुढे निघायचं.

माझा नेम ठरलेला होता: साडेअकरा किंवा तीन. साडेबारा ते दीड ऑफिसच्या जेवणाची गर्दी असते, तेव्हा टेबल मिळत नाही आणि वाडगाही घाईत भरला जातो.

वाराचं असं की बहुतेक गाडे आठवड्यातून एक दिवस बंद असतात आणि प्रत्येकाचा दिवस वेगळा. शिवाय अधूनमधून घरचं कार्य, दुखणं, कंटाळा. नकाशावर 'उघडं आहे' दिसतं त्यावर विसंबू नका, तो वेळ कोणीतरी कधीकाळी भरलेला असतो. आदल्या रात्री त्या ठिकाणाचे ताजे फोटो आणि अभिप्राय बघा. आठवडाभरात कोणी जेवून फोटो टाकलाय का? त्याच वारी टाकलाय का? पाटीवर 'तुतुप' किंवा 'चुती' लिहिलेलं दिसलं तर ते बंद.

सावधान: चिनी नववर्षाच्या आसपास चिनी गाडे आठवडाभर किंवा त्याहून जास्त दिवस बंद असू शकतात. रमझानमध्ये मलाय गाडे दिवसा चालत नाहीत, आणि एरवीही शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी थांबतात. शाळांच्या सुट्टीत आणि शनिवार-रविवारी क्वालालंपूरची माणसं गाड्या भरभरून येतात. जमलं तर मंगळवार ते गुरुवार यातले दोन दिवस मोकळे ठेवा. दोन म्हणजे दोनच. एकाच दिवसावर सगळं लावलंत तर नेमका तोच बंदचा निघतो.

३. आता जागा

सगळे गाडे मोजत बसत नाही. मी पाहुण्यांना जिथे नेत असे तेवढंच सांगते.

आयर इताम. नावाचा अर्थ 'काळं पाणी'. ऐकून आपल्या पोटात गोळा येतो, पण जागा भारी आहे. केक लोक सी देवळाच्या पायथ्याशी बाजार आहे आणि बाजाराला खेटून लाक्सा. जुन्या व्हिडिओंमध्ये तो गाडा रस्त्याच्या कडेला दिसतो. आता तो काही पावलांवरच्या दुकानात गेलाय, तेव्हा रिकाम्या कोपऱ्यापाशी उभे राहून गोंधळू नका. इथला रस्सा दाट आणि माशाने गच्च. पहिला वाडगा इथेच घ्यावा, कारण मग बाकीचे कशाशी ताडून बघायचे ते कळतं.

इथली ठरावीक चूक: पेनांग हिल, मग देऊळ, मग लाक्सा, असा बेत. डोंगरावरच्या रेल्वेची रांग, देवळाच्या पायऱ्या, आणि बाजारात पोचेपर्यंत पाच. उलटं करा. सकाळी नऊला देऊळ (ऊनही कमी असतं), साडेअकराला लाक्सा, मग डोंगर.

बालिक पुलाउ. म्हणजे बेटाची मागची बाजू, आणि खरंच तशी आहे: डोंगर ओलांडला की शहर संपतं, जायफळाच्या आणि दुरियानच्या बागा लागतात. बाजाराच्या आसपासच्या कॉफीच्या दुकानांत आसाम आणि सयामी असे दोन्ही लाक्सा मिळतात. दोघं गेलात तर एकेक मागवा आणि वाडगे अर्ध्यावर बदला. दोन्हींतला फरक समजायला याहून सोपा मार्ग नाही. सोबत जायफळाच्या फळाचं सरबत घ्या. जायफळ म्हणजे श्रीखंडात किसायची बी एवढंच माहीत असलेल्यांना त्या बीभोवतीच्या आंबट गराचं सरबत जरा गंमत वाटेल.

हलाल हवं असणाऱ्यांसाठीही बालिक पुलाउच. इथे 'लाक्सा जांगुस' नावाचं मलाय ठिकाण आहे. जांगुस म्हणजे काजू. काजूच्या झाडाखाली सुरू झालं म्हणून हे नाव. सिंधुदुर्गातून आलेल्या पाहुण्यांना मी हे सांगितलं की लाक्सा चाखायच्या आधीच ती मंडळी खूश.

जू हूइ कॅफे, पेनांग रोड. शहराच्या मध्यात, केंग क्वी गल्लीच्या तोंडाशी, चेंडोल या गुळाच्या पाकातल्या थंड गोड पदार्थाच्या प्रसिद्ध गाड्याशेजारी. एकच दुपार हातात असेल तर हे ठीक. चालत जाता येतं आणि शेजारच्या गाड्यांवर बाकीचे पदार्थही मिळतात. पण इथे पर्यटकांची गर्दी आहे आणि माझ्या जिभेला रस्सा आयर इतामपेक्षा सौम्य लागतो. चेंडोल आधी खाऊ नका. गुळाच्या पाकाने जीभ गोड झाली की लाक्साचा आंबटपणा बोथट लागतो.

गर्नी ड्राइव्ह. रात्रीचा समुद्रकाठचा खाऊबाजार. दिवसभरात लाक्सा हुकलाच तर शेवटचा पर्याय. मुद्दाम जाऊ नका.

पोचण्याबद्दल थोडक्यात: रॅपिड पेनांगच्या बस फेरीबोटीच्या जेट्टीवरून आणि शहरातल्या कोमतार टॉवरवरून सुटतात. आयर इतामला २०३ किंवा २०४, बालिक पुलाउला ४०१ ई. बसमध्ये सुटे पैसे परत मिळत नाहीत, तेव्हा नेमकं भाडं हातात ठेवा. बालिक पुलाउला बसने तासापेक्षा जास्त लागतो. चार जण असाल तर ॲपवरून बोलवायची ग्रॅब टॅक्सी परवडते.

४. निघताना खिशात काय

रोकड, त्यातही पाच आणि दहा रिंगिटच्या नोटा. एक वाडगा साधारण सहा ते दहा रिंगिट, आणि रिंगिट म्हणजे वीसेक रुपये धरा. शंभराची नोट पुढे केलीत की समोरचा चेहरा आंबट होतो. स्थानिक लोक मोबाइलने पैसे देतात, पण आपलं ॲप तिथे चालेल या भरवशावर जाऊ नका.

टिश्यू. गाड्यावर बहुधा नसतात, आणि या पदार्थात नाक हमखास गळतं. पांढरा शर्ट घालू नका. छत्री ठेवा.

पोट अर्धं रिकामं हवं, पूर्ण उपाशी नको. चिंच, अननस आणि मिरची रिकाम्या पोटी दुपारच्या उन्हात त्रास देतात.

५. टेबल, पेय, मग लाक्सा

क्रम मोडला तर इथे बोलणी बसतात.

आधी टेबल. कॉफीच्या दुकानात दुकानदार फक्त पेयं विकतो आणि जागा देतो. खाण्याचे गाडे वेगवेगळ्या माणसांचे असतात. टेबलावर नंबर असेल तर तो लक्षात ठेवा, नसेल तर ऑर्डर देताना बोटाने टेबल दाखवा. आपल्यापैकी एकाने टेबलाशी थांबायचं.

एकदा मी गाड्यासमोरचं रिकामं टेबल बघून ऐटीत बसले आणि दोन वाडगे मागवले. लाक्सावाल्या आजींनी मान हलवली आणि हाताने मला उठवलं. टेबल निघालं शेजारच्या दुसऱ्या दुकानाचं. दोन दुकानं, फरशी एक, फक्त खुर्च्यांचा रंग वेगळा. तेव्हापासून बसण्याआधी मी खुर्च्यांचा रंग बघते.

मग पेय. पेयवाला स्वतः येतो. प्रत्येकी एक पेय मागवणं हा जागेचा मोबदला. न मागवल्यास थोडे सेन (रिंगिटचे पैसे) आकारू, अशी पाटीही काही ठिकाणी असते. पाण्याची बाटली काढून टेबलावर ठेवणं अगदीच वाईट दिसतं. 'कोपी ओ' म्हणजे बिनदुधाची साखर घातलेली कॉफी, 'कोपी ओ कोसोंग' बिनसाखरेची, 'तेह ओ आइस' थंड कोरा चहा. लाक्साबरोबर मी अंब्राचं सरबत घेत असे. हे आपल्या अंबाड्याच्या जवळच्या नात्यातलं फळ, आणि त्यात खारवलेलं सुकं आलुबुखार टाकतात. आंबटावर आंबट, पण छान जुळतं.

आणि आता लाक्सा. गाड्यापाशी स्वतः जायचं. बसल्या जागेवरून हाका मारायच्या नाहीत. हे एवढे शब्द पुरतात: 'सातु' एक, 'दुआ' दोन, 'कुरांग पडास' तिखट कमी, 'ताक माउ' नको (नको असलेल्या वस्तूकडे बोट दाखवून), 'माकान सिनी' इथेच खाणार, 'बुंगकुस' बांधून द्या, 'बरापा' किती. विक्रेती वयस्क बाई असेल तर 'आंटी', पुरुष असेल तर 'अंकल' म्हणा. तिथेही हेच चालतं आणि चेहरे खुलतात.

पैसे वाडगा टेबलावर आला की. आधी घ्यायचे असतील तर ते सांगतात. पेयाचे वेगळे, पेयवाल्याला. दुसरीकडून आणलेलं खाणं त्या टेबलावर उघडू नका.

सावधान: बांधून घेणार असाल तर रस्सा आणि शेवया वेगळ्या पिशवीत मागा. एकत्र नेल्या तर खोलीवर पोचेपर्यंत शेवया फुगून लगदा होतो.

६. वाडगा भरताना बघा

गाड्यापाशी उभे असाल तर मिनिटभर थांबा. वाडग्यात आधी थंड शेवया पडतात. त्यांवर डावाने उकळता रस्सा ओततात, वाडगा तिरका करून तो परत पातेल्यात, पुन्हा ओततात, पुन्हा परत. तीन-चार वेळा. शेवया गरम व्हाव्यात आणि त्यांचं पाणी निघून आंबटपणा आत मुरावा, यासाठी हे. हात सराईत असेल तर एक शेवईही बाहेर सांडत नाही. घाईगर्दीत हा खेळ एकदाच करून वाडगा पुढे सरकवतात, आणि मग वर गरम, तळाशी गार अशी शेवई लागते. गर्दीची वेळ टाळायला सांगते ती याचसाठी.

शेवटी येतं हेको. कोळंबीचा आटवलेला काळा, दाट, काकवीसारखा रस. एका चमच्यात घालून तो चमचा वाडग्यात टेकवून देतात, किंवा सरळ वर ओततात. पहिल्यांदा खात असाल तर तो चमच्यातच मागा, बोटाने दाखवलं तरी कळतं.

७. खाण्याचा क्रम

हेको आहे तसा बाजूला ठेवा. आधी नुसता रस्सा, एक-दोन घोट. चिंच, मासा आणि बुंगा कांतानचा तो फुलासारखा वास वेगवेगळे कळायला हवेत. एकदा हेको मिसळला की ते पुन्हा कळणार नाहीत.

मग निम्मा हेको रश्शात विरघळवा. चमचा तळापर्यंत घालून ढवळायचं, कारण मासा खाली बसलेला असतो. चाखा. आंबटाला गोडसर, खारट खोली आली पाहिजे. बहुतेकांना इथेच पुरतं. उरलेला घालायचा की नाही ते जिभेवर सोडा.

हेको चमच्यावरून थेट तोंडात घालू नका. माझ्या एका मामेसासऱ्यांनी चटणी समजून घातला आणि मग अख्खं सरबत एका दमात संपवलं. उलट काही जण वासाने बिचकून चमचाच बाहेर काढून ठेवतात, मग रस्सा पातळ आणि एकांगी आंबट लागतो.

शेवया जाड आणि निसरड्या. चॉपस्टिक जमत नसेल तर 'गार्पु' म्हणजे काटा मागा, कोणी हसत नाही. चमच्यात शेवया, थोडा मासा, पुदिन्याचं पान आणि अननसाचा तुकडा असा घास करा. सगळं अननस आधीच वेचून संपवलंत तर शेवटचे घास जड जातात. वाकून, भुरका मारून खाल्लं तर शर्टावर कमी उडतं.

सावधान: काटे काढलेले असले तरी बांगड्याचा एखादा बारीक काटा राहतो. लहान मुलांना तळचा मासा देताना बोटाने चाचपून द्या. लाल मिरचीच्या चकत्याही त्यांच्या वाडग्यातून आधीच काढा. मुरल्यावर 'कुरांग पडास' म्हणून उपयोग नसतो.

पहिला वाडगा आवडला नाही तर?

त्याच दिवशी दुसरा मागवू नका, जीभ थकलेली असते. आधी वाडग्यात काय बिनसलं ते ओळखा. फार आंबट वाटला तर हेको कमी पडला. उग्र माशाचा वास आला तर बहुतेक तुम्ही उशिरा, पातेल्याच्या तळाला पोचलात. मिळमिळीत वाटला तर शहरातला खाल्लात, आयर इतामला जा. आणि माशाचा कुस्कराच खटकत असेल तर हा तुमचा पदार्थ नाही. बालिक पुलाउला सयामी लाक्सा मागवा, नारळाच्या दुधात तोच मासा निमूट बसतो.

वाडगा संपल्यावर तो तिथेच टेबलावर राहू द्या आणि उठा. साडेबारा वाजले असतील तर मागे कोणीतरी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभं असेलच.